भिंतीचं पोट

बावीस हात बाकी

दगड उचलला की बसवायचा. परत खाली ठेवायचा नाही. हे त्या घरात कुणी कुणाला शिकवत नसे. दाराला कडी असते तसं ते घराला होतं. दगड आधी डोळ्यांनी उचलायचा, डोळ्यांनीच भिंतीत बसवून बघायचा, मग हात लावायचा. उचलून जागा शोधत फिरणाऱ्याला आबा भिंतकरी म्हणत नसत. हमाल म्हणत.

आबांचा मुलगा बेचाळीस वर्षांचा. त्याला सगळे ओळंबा म्हणत, कारण दोरीला शिसं बांधून भिंत तपासायची गरज त्याला पडत नसे. एक डोळा मिटला की तपासून झालं. त्याच्या भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. उतारावरच्या फळबागेत चाळीस हात लांब आणि छातीएवढी उंच भिंत त्याने अंगावर घेतली होती. मागच्या पावसात तिथला उतार सरकला होता आणि झाडांची अख्खी रांग खालच्या वाटेवर येऊन झोपली होती. भिंत पाऊस सुरू व्हायच्या आत उभी राहिली, तर वरच्या तिन्ही टप्प्यांच्या भिंती याच घराकडे. नाही राहिली, तर सिमेंटवाला टपून बसलाच होता. बागेच्या मालकांनी हे तोंडावर सांगितलं होतं.

अठरा हात झाले होते.

एकोणिसाव्या हातावर ओळंब्याने एक काळा दगड उचलला. एका बाजूला कुबड होतं. नेहमीसारखा उजव्या मांडीवर घेतला, गुडघ्यात वाकला, पाऊल दोन धोंड्यांच्या बेचक्यात घट्ट रोवलं. वळायला लागला तेव्हा त्याला कळलं की डोळा चुकला आहे. हे कुबड या खाचेत जाणार नाही.

ठेवायला हवा होता.

त्याने दगड मांडीवर तसाच धरला आणि दुसरी जागा शोधत अंग आणखी फिरवलं. पाऊल फिरलं नाही. गुडघ्यात काहीतरी वाजलं, ओली फांदी मोडावी तसं.

"काय झालं हो?" बायकोने मागून विचारलं. ती भिंतीच्या आतल्या बाजूला दगडांच्या बारीक चिपा भरत होती.

"काही नाही."

"वाजलं."

"दगड वाजला."

दगड त्याने बसवला. दोन हात डावीकडे जागा सापडली, तिथे. मग खाली टेकला आणि पाय लांब करायला गेला. होईना. शेवटची चार बोटं उरली की आत काहीतरी आड यायचं, दाराच्या फटीत चप्पल अडकावी तसं.

बायको भिंतीवरून वाकून बघत होती.

"बघतेस काय? चिपा संपल्यात का?"

बावीस

सकाळी गुडघ्याचा भोपळा झाला होता.

"शीर चढलीय," आबा म्हणाले. "ओढून देतो."

आबांचे स्वतःचे दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले. ते उभे राहिले की मधून कोंबडी पळून जाईल, असं धाकटी सून म्हणायची, आणि आबा स्वतः ते पाहुण्यांना सांगायचे. त्यांनी मुलाची टाच धरली आणि ओढली. ओळंब्याने उशी दाताखाली धरली. दुसऱ्यांदा ओढायच्या आत बायकोने सासऱ्यांचे हात सोडवले.

"आबा, दोरी आहे का ती?"

मग गावातल्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला, उजेडासमोर धरला आणि म्हणाले, हाडं उत्तम आहेत. एक सुई टोचली, गोळ्या दिल्या, पट्टी बांधली.

ओळंब्याने तो एक्स-रे घरी आणून खिडकीला लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. "बघा, आहे का कुठे चरा? एकाला एक चिकटून बसलीत."

"मग लंगडता कशाला?" बायको म्हणाली.

"सवय."

अठरा

नऊ दिवसांत चार हात. एरवी हे दोन दिवसांचं काम.

सकाळी गोळी, दुपारी गोळी. डाव्या मांडीवर दगड घ्यायला लागला. पण डाव्या मांडीला दगड कळत नव्हता. दोनदा पाय आतून सटकला, दोनदा तो भिंतीला धरून उभा राहिला आणि दोन्हीदा भिंत तपासत असल्यासारखं केलं. चिपांची भरणी करता करता बायको आता मोठे दगडही त्याच्या हाताच्या अंतरावर आणून ठेवत होती. त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने लक्षात आलं नाही असं दाखवलं.

दहाव्या दिवशी उतारावर गुडघा वाकलेला तसाच अडकला. पुढे नाही, मागे नाही. तो वाटेच्या कडेला एका पायावर बसून राहिला. शेवटी बायकोने आणि तिच्या धाकट्या जाऊबाईंनी त्याला दगडांच्या ढकलगाडीत घातलं.

"पाय आत घ्या भावजी, चाकात जाईल," जाऊबाई म्हणाल्या.

वाटेवर तीन माणसं भेटली. तिघांनीही विचारलं नाही, आणि तेच वाईट होतं.

केस पेपर

(शहरातला मोठा दवाखाना. हाडांच्या डॉक्टरीणबाई. चष्मा डोक्यावर.)

वय: बेचाळीस.

काम: मजुरी. — हे ओळंब्याने खोडायला लावलं. बाईंनी खोडलं आणि लिहिलं: भिंतकरी.

कधीपासून: "चारेक दिवस." बायको: "अकरा."

त्यानंतर काम केलं का: "थोडंफार." बायको: "चार हात."

कसं झालं: "वळताना." बायको: "दगड मांडीवर. पाऊल अडकलेलं. वरून फिरले, खालून नाही फिरले. वाजलं. मी ऐकलं."

बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. "यांनी सांगितलं ना, त्यावर निम्मं निदान झालं. झोपा."

त्यांनी नडगी पुढे ओढून बघितली. "हाडांना बांधणारी मोठी दोरी शाबूत आहे." मग सांध्याच्या आतल्या बाजूच्या फटीवर अंगठा दाबला.

"दुखतं?"

"नाही."

"तुमचा घाम सांगतोय की." त्यांनी जेवढा वाकेल तेवढा गुडघा वाकवला आणि पावलाला धरून हळूच पिळला. आत टक् झालं. तिघांनीही ऐकलं.

"बाई, फोटोत तर काही नव्हतं," ओळंबा म्हणाला. खिडकीवरचा एक्स-रे त्याने बरोबर आणला होता.

"फोटोत हाडं दिसतात. हाडांच्या मध्ये काय आहे ते नाही दिसत. भिंत नुसती समोरून बघून आतलं कळतं का तुम्हाला?"

ओळंब्याने एक्स-रे परत पिशवीत घातला.

एमआरआयच्या नळीत त्याला अर्धा तास घातलं. आत घण मारल्यासारखे आवाज येत होते. त्याने मनात सोळा दगड बसवले.

अठरा हात, सात आठवडे

दुपारी बाईंनी चित्र समोर लावलं. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. त्यातली आतली फाटली होती. "बादलीची कडी कशी उभी-आडवी होते, तशी ही पट्टी फाटून मध्ये उलटलीय. म्हणून पाय सरळ होत नाही. तेव्हाच दगड खाली का नाही ठेवला?"

ओळंब्याने जमिनीकडे बघितलं. बायकोने छताकडे.

"असो. दोन रस्ते आहेत. दोन्ही दुर्बिणीतून, दोन लहान भोकं पाडून. पहिला रस्ता, फाटलेला तुकडा कापून काढायचा. महिन्याभरात हिंडाल, हलकी कामं कराल. पण गादी गेली की हाड हाडाला घासायला लागतं. आज नाही कळणार. पन्नाशीनंतर कळेल."

"आणि दुसरा?"

"शिवायची. फाट बाहेरच्या कडेला आहे, तिथे रक्त पोचतं, टाके धरू शकतात. पण सहा आठवडे पाय जमिनीला टेकायचा नाही. चार महिने उकिडवं बसायचं नाही. सहा महिने ओझं नाही."

"टाके धरतीलच?"

"दहातल्या एक-दोघांचे सुटतात. खोटं कशाला सांगू?"

"कापा," ओळंबा म्हणाला.

"घरी जा, बोला, परवा या," बाई म्हणाल्या. त्या बायकोकडे बघत होत्या.

घरी त्याने सरळ हिशेब मांडला. पाऊस सात आठवड्यांवर आहे. कापलं तर शेवटचे दोन-तीन आठवडे मिळतात. रोज एक हात, कसंही करून. शिवलं तर भिंत गेली. भिंत गेली की वरचे टप्पे गेले. टप्पे गेले की पुढच्या वर्षी सगळ्या उतारावर सिमेंट.

आबा ऐकत होते. ते म्हणाले, "मला संडासात ने जरा."

"आत्ता?"

"तू नको. तू कसा नेशील? ही नेईल."

सून उठली, त्यांना घेऊन गेली. थोड्या वेळाने आतून खाकरण्याचा आवाज आला, ती पुन्हा आत गेली, आणि दोन्ही काखांत हात घालून तिने त्यांना उठवून आणलं. हे रोज सकाळी होत असे. ओळंबा त्या वेळी कामावर गेलेला असे.

आबा खाटेवर बसले. श्वास लागला होता.

"बघितलंस? पाच वर्षं झाली. सून आहे ती माझी. मलाही तुझ्याच वयात वाजलं होतं. मी सगळ्यांना सांगत हिंडलो, गुडघा गेला पण दगड नाही ठेवला. माणसं वा म्हणायची." त्यांनी पायाकडे बघितलं. "आत गादी असते हे मला कुणी सांगितलंच नाही. शिवता येते हे तर आज ऐकतोय. शिव."

"आणि भिंत?"

"मी बांधते," बायको म्हणाली.

ओळंबा हसला. "तू भरणी करतेस."

"एकोणीस वर्षं करतेय. भिंतीचं तोंड तुमचं. पोट कुणाचं आहे?"

तो आबांकडे बघायला लागला, जणू ते पंच होते.

"भिंत पडते ती पोटातून पडते," आबा म्हणाले. "तोंड नंतर वाकडं होतं."

शस्त्रक्रिया

कमरेखालचं अंग दुसऱ्याचं झालं होतं. पडद्यावर त्याला स्वतःचा गुडघा आतून दिसला. पांढरा, गुळगुळीत, ओला, न वापरलेल्या घरासारखा. मध्ये ती पट्टी लोंबत होती. बाईंनी ती हुकाने ढकलून जागेवर बसवली आणि टाके घ्यायला लागल्या. ओळंबा एक डोळा मिटून बघत होता.

"दुखतंय का?"

"नाही. दोन टाक्यांमधलं अंतर सारखं ठेवलंय तुम्ही."

"भूल देऊनही बोलतोय," बाई म्हणाल्या. पण पुढचे दोन टाके त्यांनी जरा सावकाश घेतले.

अठरा, अजून अठरा, सतरा

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. खाली दाबा. पाच मोजा. सोडा.

बायकोने पहिल्या दिवशी एकही दगड लावला नाही. जाऊबाईंना बरोबर घेऊन ढीग उपसला, सगळे दगड जमिनीवर आडवे मांडले. लांब एकीकडे, चपटे एकीकडे, वाकडे तिसरीकडे.

पाय सरळ. टाच एक वीत उचला. थांबा. खाली.

"ताई, भिंत झोपूनच बांधायची का या वेळी?" जाऊबाई म्हणाल्या.

दहा वेळा. दिवसातून तीनदा.

दगड तिच्या मांडीवर मावत नसे. तिने एक जाड फळी भिंतीला टेकवली आणि पहारीने दगड ढकलत वर चढवला. ठेवला. बघितला. नाही आवडला. खाली काढला. दुसरा घेतला.

टाच सरकवत गुडघा वाकवा. नव्वद अंशांच्या पुढे नाही.

"खाली काढला?" ओळंब्याने घरी विचारलं. ही बातमी त्याला जाऊबाईंनी दिली होती.

"सहा काढले."

"उचललेला दगड?"

"मी उचलत नाहीच. ढकलते. तुमचा नियम उचललेल्याला आहे."

आबा खाटेवर हसता हसता खोकायला लागले. ओळंब्याने भिंतीकडे तोंड केलं आणि टाच उचलली. पाचऐवजी अकरा मोजले.

दहा

तिचा हात बसला. आधी ती मागची भरणी करी, चिपा ठोकून घट्ट बसवी आणि मग समोरचा दगड त्या भरणीला टेकवी. ओळंबा नेमकं उलटं करायचा. पहिल्या आठवड्यात एक हात झाला, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार. दर दीड हातावर भिंतीच्या आरपार जाणारा एक लांब दगड घालायचं तिने चुकवलं नाही. तिच्या तळहातांची साल निघाली, पाठ संध्याकाळी सरळ होत नसे. रात्री ती जेवता जेवता झोपायची.

मालक आले ते सिमेंटवाल्याला बरोबर घेऊन. सिमेंटवाल्याच्या बुटांना माती नव्हती.

"ओळंबा कुठंय?"

"घरी. टाके पडलेत."

"मग हे काय चाललंय?"

"भिंत."

सिमेंटवाला फळीकडे बघून हसला. "मालक, या बायका दगडाला घसरगुंडीवर चढवतायत. पावसात सगळं उलट्या दिशेने घसरणार."

तिने पहार त्याच्या पुढे धरली. "हे आठ हात माझे आहेत. कुठलाही एक दगड काढून दाखवा. निघाला तर भिंत तुमची, मी आत्ता घरी जाते."

मालकांनी मान डोलावली. सिमेंटवाल्याने बाह्या वर केल्या, एक बरा दगड निवडला, फटीत पहार घातली आणि रेटली. मग दुसऱ्या बाजूने रेटली. मग पाय भिंतीला लावून रेटली.

"जपून दादा," जाऊबाई म्हणाल्या, "भिंतीला गुदगुल्या होतायत."

मालक हसले. हसल्यावर त्यांना पुढे रागावता येईना. "पाऊस यायच्या आत?"

"तुम्ही त्याला सांगा थांबायला. मी थांबणार नाही."

तीन. मग चार.

पाचव्या आठवड्यात ओळंब्याने स्वतःच ढकलगाडी मागितली. पाय पट्ट्यात सरळ बांधलेला, कुबड्या पोटावर आडव्या. वाटेवर तीच तीन माणसं भेटली. या वेळी त्यानेच हाक मारली, "काय, बसता का? जागा आहे."

मालक बागेतच होते. बायको आणि जाऊबाई वरच्या थरावर. ओळंबा गाडीतून उतरला, कुबड्यांवर उभा राहिला आणि एक डोळा मिटला.

भिंत मागे रेलली होती, जेवढी हवी तेवढी. त्याच्या भिंतीहून ती खडबडीत होती. त्याचे दगड एका रेषेत चालायचे, हिचे एकमेकांच्या अंगावर हात टाकून बसले होते. मग त्याला ते दिसलं. शेवटून दुसऱ्या हातावर, तिसऱ्या थरापासून वर, चार सांधे एकाखाली एक आले होते. फट सरळ खाली उतरत होती. भिंत फुटली तर तिथे फुटणार.

"काय ओळंबा?" मालक म्हणाले. "तुझा डोळा काय म्हणतो?"

बायको वर थांबली होती. तिच्या हातात चीप होती.

"पोट माझ्यापेक्षा भरीव आहे," तो म्हणाला. "तोंड तिचं तिचं आहे."

मालक खूश होऊन वर झाडांकडे गेले. ते नजरेआड झाल्यावर तो हळूच म्हणाला, "अगं, तिकडे..."

"तिसऱ्या थरापासून. चार." तिने चीप खाली टाकली. "काल संध्याकाळी दिसलं. उतरवायलाच आले होते सकाळी, तर मालक आधीच येऊन उभे. त्यांच्यासमोर उतरवलं असतं तर घाबरले असते."

"मी सांगणार नव्हतो त्यांना."

"माहीत आहे."

ती आणि जाऊबाई तो हात तिसऱ्या थरापर्यंत उतरवायला लागल्या. त्याला दगड उचलता येत नव्हते. तो कुबडीच्या टोकाने दाखवत राहिला, हा आधी, मग तो चपटा. दोनदा तिने ऐकलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "नाही, तो नाही बसणार," आणि दुसरा घेतला. तोच बसला. ओळंब्याने कुबडी काखेत परत घेतली आणि ढकलगाडीवर बसून चिपा निवडायला लागला. चिपा निवडणं बसून होतं. इतक्या वर्षांत त्याने ते कधी केलं नव्हतं. कुठली चीप कुठे जाईल हे त्याला तिला विचारावं लागत होतं.

शून्य

शेवटचा माथ्याचा दगड बसला त्यानंतर सहा दिवसांनी पाऊस आला. पाणी भिंतीच्या फटींतून गाळून खाली उतरलं, माती वर राहिली, झाडं जागच्या जागी. मालक छत्री घेऊन दोनदा बघून गेले. वरचे तीन टप्पे, म्हणाले, पाऊस सरला की सुरू करा.

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याच्या फटीवर अंगठा दाबला.

"दुखतं?"

"नाही."

त्यांनी त्याच्या कपाळाकडे बघितलं. कोरडं होतं. गुडघा नव्वदपर्यंत वाकवला, सरळ केला. शेवटच्या चार बोटांसकट सरळ झाला. "टाके धरलेत असं दिसतंय. आता हळूहळू वजन टाका. मांडी बारीक झालीय, ती भरून काढा. आणि पुढे कधी दगड घेऊन वळायचं झालं तर आधी पाऊल वळवायचं, मग अंग."

"दगड घ्यायचा की नाही ते आता घरी विचारावं लागतं," ओळंबा म्हणाला.

एका उघडिपीच्या दुपारी तो दारात स्टुलावर बसून पायाला वाळूची पिशवी बांधून पाय उचलत होता. आबा खाटेवर मोजत होते आणि मध्येच एखादा आकडा गाळत होते. डोंगरापलीकडून एक माणूस चिखल तुडवत आला. चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"ती बागेतली भिंत बघितली. माझ्याकडे ओढ्याच्या काठाला तसलीच हवी. साठेक हात. ओळंबा मिस्त्री तुम्हीच ना?"

"ओळंबा मीच."

"मग बोलूया?"

"माझ्याशी बोलून काय उपयोग? मिस्त्री आत जेवतेय."

माणूस हसला. ओळंबा हसला नाही. आबाही हसले नाहीत. माणसाने आत डोकावून बघितलं, मग पुन्हा या दोघांकडे.

"थांबावं लागेल का?"

"घाई असेल तर सिमेंटवाल्याचं घर खालच्या वाटेला आहे," आबा म्हणाले.

माणसाने चपला दाराशी ठेवल्या आणि पायरीवर बसला.

आतून आवाज आला, "कोण आलंय हो?"

"गिऱ्हाईक आहे," ओळंबा म्हणाला. "तू जेव सावकाश."